चांगुणाच्या वहीतला पंधराशे एक्कावन्न मिलिमीटर पाऊस

प्रति,
मा. विशेष निरीक्षण अधिकारी साहेब,
ग्रामीण शास्त्र-गणित विशेष वर्ग योजना,
मुक्काम अहमदनगर.

अर्जदार : गहिनीनाथ भिमाजी मरकड, वय ४६, धंदा मापाडी (धान्यबाजार, तिसगाव), राहणार मौजे चिंचदरवाडी, तालुका पाथर्डी.

विषय : माझी मुलगी कु. चांगुणा हिचे विशेष वर्गातून कमी केलेले नाव दिवाळीच्या सुट्टीआधी परत दाखल करून घेणेबाबत, आणि गावात न पडलेल्या पावसाचा खुलासा.

संदर्भ : आपला हुकूम दिनांक ११ ऑक्टोबर १९७२. (गावात पोचला १३ तारखेस. पाकीट फोडलेले होते, त्यामुळे माझ्याआधी सगळ्या गावाने वाचला.)

महोदय साहेब,

१. आपल्या हुकमात एकच वाक्य आहे, पण ते छातीवर धोंडा पडावा तसे पडले. "सदर विद्यार्थिनीने पर्जन्यमापनाच्या नोंदी घरी बसून मनाने लिहिल्या असल्याने तिला विशेष वर्गातून कमी करून इयत्ता नववीच्या सर्वसाधारण वर्गात बसविण्यात यावे." साहेब, अर्जदाराचे म्हणणे स्पष्ट आहे. मुलीने एक आकडाही मनाने लिहिलेला नाही. भांड्यात जेवढे पाणी होते तेवढेच तिने लिहिले. ते पाणी ढगातून आले नाही हा तिचा गुन्हा नव्हे. ते कुठून आले ते मी या अर्जात थेंबाथेंबाने लिहून देतो. अर्ज थोडा लांबेल. पाणीच एवढे साठले आहे, त्याला माझा इलाज नाही.

२. घाई कशाची, असे आपण विचाराल. विशेष वर्गाची रिकामी जागा दिवाळीनंतर दुसऱ्याला देणार असे आपल्याच हुकमाच्या पाठीवर छापलेले आहे. आणि हुकूम आल्याच्या तिसऱ्या दिवशी मुलीचा मामा कानिफनाथ शेवगावहून एक स्थळ घेऊन दारात हजर. म्हणाला, "दाजी, शास्त्र संपलं न्हवं? मग आता पोरगी मोकळी हाय." नवरा मुलगा अडत्याच्या दुकानात बसतो. दोन म्हशी आहेत आणि गणित नापास आहे. मी मेहुण्याला चहा पाजून वाटेला लावले, पण तो दिवाळीत पुन्हा येतो म्हणून सांगून गेला आहे, आणि हा मनुष्य बोलल्याप्रमाणे येतोच. मुलीचे वय पंधरा. तिचे नाव वर्गात असेपर्यंत मला "शिकतीय" एवढे म्हणायला जागा आहे. नाव गेले की माझ्या तोंडाला कुलूप. सबब घाई.

३. आता विशेष वर्गाविषयी. गणित आणि शास्त्रात डोके चालणाऱ्या मुलांसाठी सरकारने खेड्यात वेगळा वर्ग काढला, तो आमच्या गावच्या विद्यालयात आला, कारण गावाने दोन खोल्या फुकट बांधून दिल्या. आसपासच्या बावीस गावांतून परीक्षा घेऊन चौदा मुले निवडली. त्यात मुली दोनच, एक माझी चांगुणा आणि दुसरी जैनुद्दीन चाचा हॉटेलवाल्यांची नात गौहर. शास्त्राचे शिक्षक राधाकृष्ण मास्तर यांनी प्रत्येकाला वर्षभराचा एकेक प्रयोग दिला. कुणाला मुंग्या, कुणाला लोहचुंबक. एका मुलाला दूध तपासायची नळी दिली होती, ती गावातल्या म्हशीवाल्यांनी चौथ्या दिवशी मास्तरांना हात जोडून परत करविली. चांगुणाला पाऊस मोजायला दिला. गावाला वाटले, बरे झाले, पाऊस मोजून कुणाचे काही बिघडत नाही.

४. पर्जन्यमापक शाळेच्या मैदानात सिमेंटच्या ओट्यावर बसविला, भोवती तारेचे कुंपण घातले. वर पाच इंची नरसाळे, आत बाटली, शेजारी रेघांचा काचेचा पेला. चांगुणा रोज सकाळी साडेआठाला जाई, कुंपणाबाहेर चपला काढी (आत माती जाऊ नये म्हणून, असे मास्तरांचे सांगणे), वाके, बाटलीतले पाणी पेल्यात ओती, पेला डोळ्यांसमोर धरून पुटपुटे आणि वहीत लिही. आता साहेब, आपणच सांगा. ओटा आहे, कुंपण आहे, चपला बाहेर आहेत, रोजची वेळ ठरलेली आहे, पुटपुटणे आहे. आठव्या दिवशी ओट्यावर हळदकुंकू दिसले तर त्यात गावाचे काय चुकले? मास्तरांनी ते पुसून काढले. तिथवर ठीक होते.

५. पण उद्घाटनाच्या भाषणात मास्तर सर्वांदेखत म्हणाले होते, "मंडळी, हे पावसाचे माप आहे." इथे आमच्याकडची एक रीत आपणास सांगणे भाग आहे. मी तीन पिढ्यांचा मापाडी. माझ्या आज्याने पायलीने मापले, बापाने मापले, आणि सरकारने किलो आणल्यावर मी तराजू धरला, पण घरात पायली, शेर, नवटाक सगळी मापे आहेत. खळ्यावर मापताना पहिल्या पायलीला आम्ही "एक" म्हणत नाही, "लाभ" म्हणतो. आणि माप कधी रिकामे उभे ठेवत नाही. मापून झाले की तळाला मूठभर दाणे राहू देतो, नसतील तर माप पालथे घालतो. रिकामे माप उभे दिसले तर बरकत जाते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आता हे पावसाचे माप सिमेंटमध्ये पक्के रोवलेले. पालथे घालता येत नाही. आणि यंदाचे वर्ष तर असे की आकाशाने पाठ फिरवलेली. गावाच्या मधोमध, उघड्यावर, एवढे मोठे रिकामे माप तोंड वासून उभे! लोकांना झोप कशी लागावी?

६. तरी चांगुणाला शंका आली होती, हे तिच्या बाजूने नोंदवून घ्यावे. तिने पहिल्या दिवसापासून आमच्या घराच्या धाब्यावर डालड्याचा एक रिकामा डबा ठेवला होता, सरळ काठाचा, "दुसरा साक्षीदार" म्हणून. शाळेच्या मापात पाणी आणि घरच्या डब्यात खडखडाट, असे होऊ लागल्यावर ती मास्तरांकडे गेली. मास्तर म्हणाले, "सरकारी उपकरण आणि डालड्याचा डबा यांत मी कुणावर विश्वास ठेवू?" पोरगी परत आली. पण दोन्ही नोंदी ठेवत राहिली, डाव्या पानावर शाळेची आणि उजव्या पानावर डब्याची. आपण ४ ऑक्टोबरला तपासणीस आलात तेव्हा डावे पानच उघडले, कारण त्यावर शिक्का होता.

७. आपला राग मी समजू शकतो. वहीत तीन महिन्यांचा पाऊस १५५१ मिलिमीटर, म्हणजे जुन्या हिशेबाने एकसष्ट इंच. भंडारदऱ्याने लाजून मान खाली घालावी असा पाऊस. आणि आपली जीप गावात शिरली तेव्हा विहिरीवर घागरींची रांग देवळापर्यंत गेलेली. आम्ही दोन दिवसांनी आंघोळ करतो, तीही बाजेवर बसून, खाली पातेले ठेवून, म्हणजे तेच पाणी पुन्हा म्हशीला. आपण वही मिटलीत आणि मुलीला विचारलेत, "बाळ, हा पाऊस तू कुठे पाहिलास?" ती म्हणाली, "पेल्यात." आपल्याला तो उद्धटपणा वाटला. साहेब, ते खरे उत्तर होते. पोरीला खोटे बोलता येत नाही, माझ्या घरात ती कला फक्त तिच्या मामाकडे आहे.

८. हुकूम आल्यावर तिने जेवण टाकले, पण रडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रेघांचा पेला मागून आणला, गौहरला बरोबर घेतले आणि घरोघर निघाली. प्रत्येक दारात एकच प्रश्न, "मापात पाणी कोण घालतं, कशानं आणि कवा कवा? खरं सांगा, मी रागावणार न्हाई." साहेब, शपथेवर लिहितो, लोकांनी लपवले नाही. त्यांना लपवण्याजोगे काही केले असे वाटतच नव्हते. उलट काहींना वाईट वाटले की एवढे दिवस कुणी विचारले कसे नाही. मुलीने ज्याचे त्याचे भांडे घेतले, जसे घालता तसे घालून दाखवा म्हणाली आणि पेल्याने मोजले. जबाब येणेप्रमाणे.

(अ) छबूबाई, आमची शेजारीण. २२ जुलैपासून रोज पहाटे पूजेच्या पळीने एक पळी. भरली दोन मिलिमीटर. दिवस एकाहत्तर, पैकी विटाळाचे अकरा सोडून साठ. एकूण १२०. जबाब : "देवाच्या मापाला इटाळ कसा चालंल? मी नेम मोडला न्हाई." मुलीने ते अकरा दिवस वहीत ताडून पाहिले, अकराही जुळले. छबूबाई त्यानंतर आठ दिवस तोंड लपवून हिंडत होती, कारण ही माहिती सरकारी वहीत निघेल अशी तिला कल्पना नव्हती.

(आ) मच्छिंद्र, शाळेचा शिपाई. मास्तरांनी उपकरण स्वच्छ ठेव म्हणून सांगितले होते. त्याने दर शनिवारी दुपारी ते विसळले आणि विसळलेले पाणी आतच राहू दिले, कारण त्याच्या मते यंदाच्या साली पाणी ओतून देणे हे पाप. बारा शनिवार, दहा प्रमाणे १२०. या मनुष्याने बाकी शाळेत आजवर काहीही विसळलेले नाही, हे माझे वैयक्तिक मत.

(इ) जैनुद्दीन चाचा. दर शुक्रवारी नमाजानंतर चहाच्या ग्लासने एक ग्लास. बारा शुक्रवार, बारा प्रमाणे १४४. जबाब : "गावाचं माप हाय. समदे घालत्यात आन् आमी न्हाई घातलं, उद्या पाऊस न्हाई आला तर लोक म्हनतील चाचानं घातलं न्हाई म्हनून." यावर मुलीने विचारले, समदे घालतात हे तुम्हाला ठाऊक होते? चाचा म्हणाले, "न्हाई, अंदाज हुता."

(ई) सरपंच आप्पासाहेब. श्रावणातले चार सोमवार, दर वेळी अख्खा तांब्या, चाळीस प्रमाणे १६०. सरपंचांनी जबाब देण्यापूर्वी विचारले की हे पंचायतीच्या कामात धरले जाईल काय. धरले जाणार नाही म्हटल्यावर त्यांनी तांब्या जरा लहान असल्याचे सांगितले. मुलीने तांब्या मोजला. चाळीसच भरला.

(उ) सौ. रतनबाई, अर्जदाराची पत्नी, म्हणजे मुलीची सख्खी आई. विहिरीवर आमचा नंबर दिवसाआड. ऑगस्टपासून घागर डोक्यावर घेऊन परतताना शाळेवरून वाकडी वाट करून एक ओंजळ. तीस वेळा, सहा प्रमाणे १८०. हा जबाब घेताना मुलीचा हात थांबला. आई म्हणाली, "लेकीच्या मापात आईनं न्हाई घालायचं तर कुनी घालायचं? लिव तू. लिव म्हनते ना." मुलीने लिहिले.

(ऊ) प्रत्यक्ष पाऊस, धाब्यावरच्या डब्याप्रमाणे, १३१. यावरून यंदाचे साल कसे आहे याची आपणास कल्पना येईल.

९. आता पुढील मजकूर लिहिणे अर्जदारास अवघड आहे, तरी माप पुरे करणे भाग आहे. (ए) दिनांक १ जुलै, एक फुलपात्र, सोळा मिलिमीटर. साहेब, हे आपल्या शुभहस्ते. उद्घाटनाला आपण आला होतात, फीत कापलीत आणि उपकरण कसे चालते हे अडाणी लोकांना समजावे म्हणून टेबलावरचे फुलपात्र उचलून नरसाळ्यात ओतलेत व म्हणालात, "समजा, असा पाऊस आला." सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. ते पाणी नंतर काढायचे होते, पण तेवढ्यात संबळ वाजू लागला आणि मास्तर हाराच्या गडबडीत राहिले. मुलीने दुसऱ्या दिवशी सकाळी १६ लिहिले. छबूबाईचे म्हणणे असे की, "एवढा मोठा सायेब नगरहून येऊन पानी घालतोय, तवा रीतच आसंल त्याची." आपणावर ठपका ठेवण्याचा अर्जदाराचा तिळमात्र हेतू नाही. फक्त बेरजेत ते सोळा धरल्याशिवाय बेरीज लागत नाही. मी मुलीला म्हणालो, साहेबांचे सोळा पावसात ढकल. ती म्हणाली, "पाऊस हुता का तो?"

१०. ही सगळी बेरीज १६ ऑक्टोबरला संध्याकाळी झाली. एकशे वीस, एकशे वीस, एकशे चव्वेचाळीस, एकशे साठ, एकशे ऐंशी, पावसाचे एकशे एकतीस आणि आपले सोळा मिळून ८७१. वहीत १५५१. म्हणजे ६८० चा पत्ता नाही. साहेब, सहाशे ऐंशी! सगळ्या गावाने मिळून घातले त्याच्या जवळजवळ बरोबरीचे पाणी कुणी एकट्याने घातले होते आणि तो कबूल होत नव्हता. गावात चर्चा सुरू झाली. कुणी म्हणाले वानर पीत असेल. त्याला मुलीने विचारले की पिण्याने वाढते का. कुणी म्हणाले भूत. कुणी मच्छिंद्रचे नाव घेतले, पण एवढे काम तो करील यावर कुणाचा विश्वास बसेना. मीही चावडीवर बसून मोठ्याने म्हणालो की असल्या माणसाला गावाने जाब विचारला पाहिजे. हे वाक्य मी दोनदा म्हणालो. याला साक्षीदार पुष्कळ आहेत, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

११. दसऱ्याच्या दिवशी, म्हणजे १७ तारखेला, आमच्या घरी मापांची पूजा असते. तराजू, पायली, शेर, नवटाक सगळे चिंचेने घासून पाटावर मांडले होते आणि मी फुले वाहायला बसलो होतो. मुलगी वही घेऊन समोर येऊन बसली आणि म्हणाली, "दादा, त्यो मानूस घावला." मी म्हणालो, कोण? तिने वही फिरवून माझ्यासमोर धरली. १० जुलै ते १४ जुलै. त्या दिवसांत दुसरे कुणी अजून घालायला लागले नव्हते. वहीत पाच दिवसांची नोंद होती. आठ. आठ. आठ. आठ. आठ. ती म्हणाली, "छबूकाकूची पळी कवा दोन भरती, कवा अडीच, मी सरासरी धरली. आईची ओंजळ कवा पाच, कवा सात. चाचांचा गलास हिंदकळतो. ह्या मानसाचा हात हालतच न्हाई. सहाशे ऐंशी म्हंजे पंच्याऐंशी दिवस, रोज आठ. काठोकाठ, ना थेंब कमी, ना थेंब जास्त. एवढा चोख हात आपल्या गावात कुनाचा हाय?"

१२. साहेब, तो हात माझा. पाटावरचे पितळी नवटाक तिने उचलले, पाण्याने काठोकाठ भरले, पेल्यात ओतले आणि आठाच्या रेघेवर बोट ठेवून नुसती माझ्याकडे बघत राहिली. उभ्या आयुष्यात मला माझ्या मापाची अशी लाज वाटली नव्हती. तिसगावच्या बाजारात माझे माप बघून व्यापारी डोळे मिटून सही करतात, त्या मापाने मी स्वतःच्या लेकीला खोटे पाडले.

१३. का घातले ते लिहितो. रीतभात, रिकामे माप, बरकत हे सगळे इतरांपुरते खरे आहे. मी त्याच्यामागे लपणार नाही. खरे कारण असे. जुलैच्या ३ तारखेपासून ७ तारखेपर्यंत पाच दिवस पोरीने शून्य लिहिले. रोज साडेआठाला नेमाने जायची, आणि घरी येऊन भाकरी पुढ्यात घेऊन बसायची, खायची नाही. एक दिवस आईला म्हणाली, "गौहरच्या मुंग्या रोज काहीतरी करत्यात. माझ्या वहीत नुसती भोपळ्याची रांग हाय." ती हसत म्हणाली, पण मला ते हसणे सहन झाले नाही. चौदा मुलांत निवडलेली माझी लेक, आणि देवाने तिच्याच वहीत काही घालू नये? मला शास्त्र कळत नाही साहेब, मी चौथी पास. मला एवढेच कळते की कुणी माप घेऊन दारात उभे राहिले तर त्याला रिकामे लावून देऊ नये. ८ तारखेपासून रोज तिसगावला जाताना, पहाटेच्या उजेडात, एक नवटाक घालू लागलो. त्या दिवसापासून ती जेवायला लागली. मग थांबणार कसा? आषाढ गेला, श्रावण गेला, मी आपला माझ्या हिश्श्याचे प्यायचे पाणी तेवढे बाजूला काढीत राहिलो. थोडे कमी घालावे, कधी एक दिवस चुकवावा, एवढी अक्कल मला आली असती तर मी सापडलोही नसतो. पण कमी मापायचे मला शिकवलेलेच नाही.

१४. सबब गुन्हा कबूल आहे. मुलगी त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पाणी देते, पण बोलत नाही. मी म्हणालो, अर्जात माझे नाव घालू नको, सरपंचांच्या तांब्यात जिरवू, त्यांना काय फरक पडतो. त्यावर तिने अशी काही नजर टाकली की मी स्वतःच दौत उघडली आणि लिहायला बसलो. हा अर्ज म्हणजे त्या नजरेचा हुकूम आहे, आणि तो आपल्या हुकमापेक्षा कडक होता, याबद्दल क्षमा असावी.

१५. तरी मागणे येणेप्रमाणे. खोटे पाणी घालणाऱ्या सर्वांची नावे वर दिली आहेत. त्यांना जी शिक्षा द्यायची ती द्यावी, मला आधी द्यावी आणि जास्त द्यावी, कारण माझा वाटा जास्त आहे. वाटल्यास मापाड्याचा धंदा बंद करण्याचे लिहून कळवावे, मी तराजू आणून टेबलावर ठेवीन. (आपल्या सोळा मिलिमीटरचे काय करायचे ते आपण ठरवावे, गावाचे त्यावर काही म्हणणे नाही.) पण ज्या मुलीने भांड्यात होते तेवढेच लिहिले, शंका आली तर दुसरा डबा ठेवला, आणि नाव कमी झाल्यावर चार दिवसांत थेंबाथेंबाचा मालक शोधून काढला, आईला सोडले नाही, साहेबांना सोडले नाही, बापाला सोडले नाही, तिला शास्त्र येत नाही म्हणून वर्गाबाहेर बसवले तर मग त्या वर्गात बसवणार तरी कुणाला? जैनुद्दीन चाचांच्या घरून रोशनबी आजींनीही सांगून धाडले आहे की चांगुणा वर्गात नसेल तर गौहरलाही एकटी पाठवणार नाही. म्हणजे एका नावाबरोबर दोन जातील. साहेब, मी आजवर कुणाकडे हात पसरला नाही. आज पसरतो. पोरीची जागा तिला परत द्या.

आपला नम्र आणि मापात चुकलेला,
गहिनीनाथ भिमाजी मरकड
मौजे चिंचदरवाडी, दिनांक २३ ऑक्टोबर १९७२

सोबत :
१. नोंदवही, डावे व उजवे पान दोन्ही पाहावे ही विनंती.
२. छबूबाईंची पळी. (देवपूजेची आहे, परत पाठवावी. तोवर ती माझ्या बायकोची पळी मागून नेते व भांडण होते.)
३. चहाचा ग्लास एक, जैनुद्दीन चाचांच्या हॉटेलातला, काठाला टवका आहे, तो आधीपासून आहे.
४. सरपंचांचा तांब्या पाठवलेला नाही. ते म्हणाले, तांब्या पंचायतीच्या मालकीचा असून ठराव लागेल.
५. डालड्याचा डबा.
६. पितळी नवटाक एक, अर्जदाराचे, पालथे बांधून.

अर्जाखाली वेगळ्या अक्षरात :

वरील अर्ज मी वाचला. बेरजा आणि गुणाकार तपासले, १५५१ बरोबर आहेत. कलम ९ मधील सोळा मिलिमीटर मी स्वतः पुन्हा मोजले, कारण फुलपात्र अजून शाळेत आहे. अर्जदार माझे वडील असल्यामुळे त्यांचे माप तीन वेळा मोजले, तिन्ही वेळा आठच भरले. कलम १४ मध्ये मुलगी बोलत नाही असे लिहिले आहे, ती नोंद काल सकाळपर्यंत खरी होती. कृपया दुरुस्त करून घ्यावी.

कु. चांगुणा गहिनीनाथ मरकड, दिनांक २४ ऑक्टोबर १९७२